नावाडिणीचं पाणी

आमच्या घरात पत्रक छापण्याआधी ते वाचून दाखवायची रीत होती. ज्या माणसाबद्दल पत्रक असेल त्याला, समोर बसवून. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, आणि माझ्या लहानपणी त्या पलंगावर कोण कोण बसून गेलं ते लिहून काढलं तर या बाजूचा एक वेगळाच इतिहास तयार होईल. पाण्यासाठी दिवा गावाहून आलेल्या बायका, एका दिवसात कामावरून काढलेला रखवालदार, मानपाड्याच्या एका कारखान्यात हात भाजलेला कामगार. बाबा त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचे आणि मजकूर वाचायचे. सभेत बोलताना त्यांचा आवाज तापायचा, पण इथे ते कुणाचं आलेलं पत्र वाचून दाखवावं तसे वाचायचे, सपाट आणि सावकाश. आई आत कुकर बंद करून ठेवायची, शिट्टी मधे येऊ नये म्हणून. पत्रकाच्या दिवशी आमच्याकडे खिचडीच असायची आणि ती नेहमी अर्धी शिजून थांबलेली असायची, त्यामुळे मुगाच्या खिचडीचा तो कच्चा-पक्का वास आणि दुसऱ्याचं दुःख ऐकणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या एकत्र बसल्या आहेत. वाचून झालं की बाबा विचारायचे, "छापू?" समोरचा "छापा" म्हणाला की मगच मानपाड्याच्या गाळ्यातलं आमचं जुनं ऑफसेट मशीन सुरू व्हायचं.

तो हात भाजलेला कामगार मला नीट आठवतो. त्याच्या पत्रकात एक ओळ होती, आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती अशी. तो म्हणाला, "तेवढी ओळ काढा साहेब. माझा भाऊ अजून तिथंच आहे." बाबांनी लाल पेनाने ती ओळ काढली. वाद नाही, समजावणं नाही. तो गेल्यावर मी, वय वर्षं बारा, बाबांवर तुटून पडले. "तीच तर खरी ओळ होती बाबा!"

"खरी होती," बाबा म्हणाले. "पण त्याची होती. आपली नाही."

मला ते पटलं नाही. बाबा घाबरले, असं मला वाटलं. माझं नाव त्यांनी समता ठेवलं होतं, आणि समता म्हणजे कुणालाही न घाबरता सगळं सांगणं, अशी माझी त्या वयात ठाम समजूत झाली होती. ती पुढेही बरीच वर्षं टिकली. या प्रकरणात जे झालं ते त्या समजुतीतूनच झालं.

छपाईत बिघडलेली पत्रकं घरी यायची. शाई फिसकटलेली, वाकडी कापलेली. आई त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करायची आणि उरलेले गठ्ठे मला मिळायचे. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बाई काढायची, डोक्यावर हंडा घेतलेली, पुढच्या पानावर तिचा पाय जरा पुढे, त्याच्या पुढच्या पानावर आणखी जरा पुढे. अंगठ्याने गठ्ठा भराभर सोडला की बाई चालायला लागायची. एकीकडे पाणी द्या म्हणणारा मजकूर आणि त्याच्याच पाठीमागे ती हंडा घेऊन निघालेली. चित्रपट म्हणजे काय हे मला त्या गठ्ठ्यांनी शिकवलं. पडद्यावरचे नट-नट्या मला कधी फार आवडले नाहीत. मला आवडायचं ते कुणीतरी बसून, हाताने, एकेका चित्रातून हलवलेलं जग.

त्या वेडापायी कॉलेजात असताना मी ठाण्यात ॲनिमेशनच्या एका शिकवणीला जायला लागले, आणि तिथे मला दर्शना भेटली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, हातात कायम पेन्सिल आणि बोटांना कोलंबीचा वास. पहिल्याच दिवशी तिने माझी हंडेवाली बघितली, दोनदा गठ्ठा सोडला आणि म्हणाली, "बाई मस्त चालतेय गं. पण हंडा रिकामा आहे हिचा."

"भरलेला आहे," मी म्हटलं.

"नाही. भरला असता तर मान अशी नसती. आणि पाणी जरा मागे राहून मग येतं. बघितलंयस का कधी?"

मी दिव्याच्या पाण्यावर लिहिलेली पत्रकं पाठ म्हणून दाखवू शकत होते. हंडा मात्र नीट बघितला नव्हता. त्या दिवसापासून आमची मैत्री. ती मला "ए पत्रक" अशी हाक मारायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तिच्या घरी गेले की तिची आई, जिला आम्ही दोघी आयोच म्हणायचो, बाजारातून येऊन मासळीच्या पाट्या धूत असायची. "बस गो, जेवल्याबिगर जायाचा नाय," म्हणायची, आणि तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा असं समोर यायचं. शिकवणी संपल्यावर मी बाबांच्या गाळ्यात कामाला लागले, आणि दर्शना ठाण्यातल्याच एका स्टुडिओत. तिथे परदेशी चित्रपटांची कामं यायची. कोणती, ते ती सांगायची नाही. "करार आहे," एवढंच म्हणायची.

मग 'नावाडीण' आला. त्याचं मूळ नाव वेगळं होतं, पण आम्ही त्याला नावाडीणच म्हणायचो. कुठल्याशा थंड देशातल्या मोजक्या मंडळींनी केलेला, हाताने काढलेला चित्रपट. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक म्हातारी नाव चालवत असते, आणि शेजारी पूल बांधला जात असतो. एवढीच गोष्ट. पूल रोज थोडा वाढतो, तिची गिऱ्हाइकं रोज थोडी कमी होतात, आणि चित्रपटभर पाणी. मी तो बघून घरी आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

माझ्यासारखे बरेच निघाले. कल्याणच्या ओंकार नावाच्या मुलाने मोबाइलवर एक ग्रुप काढला, 'नावाडीण मंडळ'. कल्याण, डोंबिवली, ठाणे इथलीच सगळी पोरं. पुरस्कारांचा हंगाम सुरू झाला तशी आमची झोप उडाली. अमेरिकेतल्या त्या सर्वांत मोठ्या पुरस्काराआधी लहान-मोठे वीसेक तरी पुरस्कार असतात आणि प्रत्येकाचा अर्थ लावायचा असतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. ओंकारला सगळं तोंडपाठ. रविवारी आम्ही डोंबिवलीत फडके रोडवर एका कट्ट्यावर जमायचो आणि तो वहीतले तक्ते उघडायचा.

"समीक्षकांचं गेलं," तो एखाद्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. "पण चित्रकारांच्या संघटनेचं आलं. म्हणजे अजून जीव आहे."

"अरे, त्या खेळण्यांच्या कंपनीवाल्या पिक्चरला देणार रे ते. त्यांचे पोस्टर बघितलेस का तिकडे? पूर्ण शहर भरून टाकलंय," कुणीतरी म्हणायचं.

"पोस्टरवर काय आहे? आपल्याकडे पाणी आहे," ओंकार म्हणायचा.

ते पाणीच सगळ्यांच्या तोंडी होतं. जगभरचे चाहते त्या पाण्याबद्दल लिहीत होते. असं पाणी कुणी कसं काढलं, कुठल्या नदीवर बसून अभ्यास केला असेल, असं. ते पाणी चकचकत नव्हतं. त्यात गाळ होता, फेसाच्या रेघा होत्या, आणि ओहोटी लागायच्या आधी ते क्षणभर थांबायचं. मी एका संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर बसून दर्शनाला हेच सगळं तावातावाने सांगत होते. समोर होड्या चिखलात टेकत होत्या. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू होतं.

"थांबतं ना ते?" तिने विचारलं. "बघ आता. इथे बघ."

मी समोर बघितलं. खाडीचं पाणी थांबलं होतं. फेसाची एक रेघ जागच्या जागी उभी होती. मग ती हळूच, आपल्याच नादात, उलटी फिरली.

मी तिच्याकडे वळले तेव्हा ती रडत होती. "दीड वर्ष केलंय मी ते," ती म्हणाली. "सगळं पाणी. मी आणि अजून सहा जणं, पण ओहोटी सगळी माझी. तिकडून आलेलं त्यांचं पाणी काचेसारखं होतं गं. मी म्हटलं, असं नसतं. करून दाखवलं. ते म्हणाले, असंच करा." आणि डोळे पुसून, "कुणाला बोलू नकोस हां. पिक्चरच्या शेवटी आमची नावंसुद्धा नाहीत. नुसतं 'सहकार्य' आणि कंपनीचं नाव."

मी त्या शेवटच्या नावांच्या पाट्या दोन वेळा बघितल्या होत्या. जेवण पुरवणाऱ्याचं नाव होतं. दिग्दर्शिकेच्या कुत्र्याचंही होतं.

हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, आणि तो राग चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. ज्याने केलं त्याचं नाव हवं. यावर मी वाढले आहे. चूक पुढची आहे.

नामांकनं जाहीर झाली त्या संध्याकाळी मंडळाचे वीस-बावीस जण ओंकारच्या घरी कल्याणला जमलो होतो. नावाडीणचं नाव वाचलं गेलं आणि ओंकारच्या आजीने घाबरून देवाजवळ दिवा लावला, बाहेर कुणी दगावलं की काय म्हणून, इतका आरडाओरडा झाला. मी ओरडले नाही. माझ्या डोक्यात मजकूर सुरू झाला होता. पुरस्काराला अजून काही आठवडे होते. जगाचं लक्ष त्या पाण्याकडे होतं. आता नाही तर कधी?

पत्रक मी दोन दिवसांत लिहिलं. मथळा होता: 'हे पाणी ठाण्याचं आहे'. ज्यांनी पाणी काढलं त्यांची नावं का नाहीत, असा सवाल होता, आणि मधोमध, ठळक अक्षरांत, दर्शनाचं पूर्ण नाव होतं. इतरांची मला माहीत नव्हती. खाली माझं नाव. आमच्या घरात बिननावाचं पत्रक हा भित्रेपणा मानला जायचा. मी त्याचं इंग्रजी भाषांतरही करून घेतलं. मजकूर चांगला होता. आजवर मी लिहिलेल्या पत्रकांत तो कदाचित सगळ्यांत चांगला असेल.

गाळ्यात मी मशीनवर छपाईची प्लेट चढवत होते तेव्हा बाबा आले. त्यांनी एक कागद उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्यानेच पूर्ण वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर मला अभिमान दिसला. मग त्यांनी विचारलं, "तिला वाचून दाखवलंस?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाली?"

"छाप म्हणाली."

बाबांनी मशीनचं बटण स्वतः दाबलं.

मी का खोटं बोलले ते मी स्वतःला अनेक वर्षं वेगवेगळ्या प्रकारे सांगत आले. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. वेळ नव्हता. ती कामावर होती. यातलं काहीही खरं नाही. मी तिला वाचून दाखवलं नाही, कारण ती "नको" म्हणेल हे मला माहीत होतं. पलंगावरच्या त्या कामगारासारखीच ती एक ओळ काढायला सांगणार होती, आणि ती ओळ माझ्या पत्रकातली सर्वांत चांगली ओळ होती.

पत्रकं आम्ही रविवारी ठाण्यात आणि डोंबिवलीत वाटली. ओंकारने भाषांतर इंटरनेटवर टाकलं. दोन दिवस आम्ही हवेत होतो. कुठल्या कुठल्या देशांतले चाहते दर्शनाचं नाव लिहीत होते, चुकीच्या स्पेलिंगने, बदाम टाकून. ठाणे कुठे आहे ते नकाशावर शोधत होते. मी तिला फोन करत होते आणि ती उचलत नव्हती. कामात असेल, असं मी म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. आयो पायरीवर बोंबील साफ करत बसली होती. नेहमीसारखं "बस गो" आलं नाही. सुरी थांबवून तिने माझ्याकडे बघितलं.

"तिचा काम गेला," ती म्हणाली. "तू लिवलास ना तो कागद?"

मी हो म्हटलं.

"मना वाचता येत नाय. पन त्याच्यान पोरीचा नाव हाय, ता बाजारात सगल्यांनी सांगतला मना. मना वाटला, चांगलाच कायतरी आसंल." आणि ती परत बोंबलांकडे वळली.

दर्शना आत होती. तिने मला रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने शांतपणे सांगितलं. स्टुडिओने तिला बोलावलं, करार समोर ठेवला. गुप्ततेच्या कलमाखाली तिची सही होती. परदेशातल्या लोकांना सांगावं लागेल की बाई काढून टाकली, नाहीतर पुढचा चित्रपट जाईल, आणि त्यावर तिच्यासकट सात जणांचं काम अवलंबून आहे. त्या पुढच्या चित्रपटात पाण्याचं सगळं काम तिच्या हाताखाली होणार होतं. पहिल्यांदाच. आणि त्यात तिचं नाव येणार होतं. ते तिने दोन महिने भांडून लिहून घेतलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

"तू विचारलंस का?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आपण लढू. पत्रक काढू. मोर्चा नेऊ त्या स्टुडिओवर. ती म्हणाली, "तू जा, समता." 'ए पत्रक' म्हणाली नाही. पहिल्यांदाच माझं नाव घेतलं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. आईने आतला गॅस बंद केला. बाबा उठले, गाळ्यात गेले आणि उरलेली सगळी पत्रकं घेऊन आले. मला वाटलं फाडतील. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, पाठकोरी बाजू वर करून. "मशीन मी सुरू केलं," एवढंच म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर त्या घरात मला झालेली तीच सर्वांत मोठी शिक्षा होती. दुसऱ्या दिवशी ते एकटेच ठाण्याला गेले. आयोसमोर आणि दर्शनासमोर पायरीवर बसून त्यांनी माफी मागितली, स्वतःच्या नावाने. हे मला आईकडून कळलं.

पुरस्काराची सकाळ आली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची पहाट. मंडळाने डोंबिवलीत एक छोटा हॉल घेतला होता, मोठा पडदा लावला होता. मी तिथे गेले नाही. उजाडता उजाडता मी कोळीवाड्यात पोहोचले, आणि ती हाकलून देईल अशी तयारी ठेवून दारात उभी राहिले. आयोने आत बघून म्हटलं, "आली बग ती." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "येऊ दे."

दर्शना जमिनीवर बसली होती, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मी तिच्यापासून जरा लांब बसले. मोबाइलवर सोहळा सुरू होता: कपडे, हशा, टाळ्या, भाषणं. मग ॲनिमेशनचा, आमचा गट आला. पाच चित्रपटांचे तुकडे दाखवले आणि पाकीट उघडलं.

नावाडीण.

माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. हॉलमध्ये पोरं नाचत असणार. मंचावर ती परदेशी दिग्दर्शिका रडत होती, आईचे, निर्मात्याचे, बायका-मुलं सोडून राबलेल्या सहकाऱ्यांचे आभार मानत होती. आणि तिच्या मागे, प्रचंड पडद्यावर, म्हातारीची नाव मधोमध उभी होती आणि पाणी थांबलं होतं. दर्शना पुढे झुकली. तिने बोट उचललं आणि मोबाइलच्या काचेला जवळजवळ लावलं.

"आता," ती म्हणाली.

फेसाची रेघ उलटी फिरली.

आयो दारातून बघत होती. "आपली खारी वाटते," ती बाहेरच्या खाडीकडे मान वळवून म्हणाली. तिच्या पोरीने ते काढलंय हे तिला माहीत होतं, तरी ती असं म्हणाली, पहिल्यांदाच ओळख पटल्यासारखी. दर्शनाने फोन बंद केला, तांब्यातलं पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "बाबांनी वाचून दाखवलं असतं." मी मान हलवली.

तिला पुन्हा त्या क्षेत्रात काम मिळायला काही वर्षं गेली. मधल्या काळात ती शाळेत चित्रकला शिकवत होती, आईबरोबर बाजारात बसत होती. मंडळ हळूहळू विरलं. ओंकार भेटला की अजून म्हणतो, "आपण जिंकलो होतो गं." आमची, दर्शनाची आणि माझी, मैत्री परत जुळली, पण पूर्वीसारखी नाही, आणि ती पूर्वीसारखी झाली आहे असा आव मी इथे आणणार नाही. मी आता तिशी ओलांडली आहे. आत्मकथन लिहायला हे वय फार लवकरचं आहे असं बाबा म्हणतात. असेल. पण उशिरा लिहिलं असतं तर मी स्वतःला आणखी चांगली दाखवली असती.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ठाण्याला गेले. धक्क्यावर नाही, तिच्या घरी, पायरीवर. आयो आता थकली आहे, ती आत झोपली होती. मी कागद काढले आणि वाचायला लागले, सपाट आवाजात, बाबांसारखी. कराराच्या जागी माझा आवाज हलला, तेव्हा ती म्हणाली, "नीट वाच." स्वतःच्या रडण्याची ओळ तिने राहू दिली. माफीचा एक लांब परिच्छेद होता, तो तिने काढायला लावला. "ते तुझं तू बघ. माझ्या गळ्यात कशाला?" मी लाल पेनाने तो काढला. आयोच्या तोंडची एक ओळ तिने दुरुस्त केली. फेसाची रेघ उलटी फिरते ते वाक्य मला पुन्हा वाचायला सांगितलं, आणि ते झाल्यावर बराच वेळ खाडीकडे बघत बसली.

मी विचारलं, "छापू?"

"माझं नाव बदल," ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने स्वतःच एक नाव सुचवलं. दर्शना.

"आता छाप."